पायलटची पदवी करताय? वर्गातला अभ्यास विमानापर्यंत कसा न्यायचा

पहिल्या सत्रात हवामानशास्त्रात माझा वर्गात दुसरा नंबर आला होता. त्यानंतर पंधरवड्याने, सूर्य उगवायच्या आत, इन्स्ट्रक्टरनी माझ्या हातात ताजा मेटार, म्हणजे विमानतळाचा सांकेतिक हवामान अहवाल, ठेवला. तापमान १८, दवबिंदू १७, वारा शांत. "काय दिसतंय?" मी एकेक गट घडाघडा उलगडून सांगितला. "बरं. आत्ता उडालो तर तासाभराने उतरताना धावपट्टी दिसेल का?" मी गप्प. आम्ही उडालो नाही. अर्ध्या तासात हँगरच्या दारातून धावपट्टीचे दिवेही दिसेनासे झाले.

दवबिंदूची व्याख्या मला तोंडपाठ होती. जमीन अजून थंडावतेय, तापमान आणखी एका अंशाने उतरलं की हवेतली वाफ धुकं होऊन समोर उभी राहणार, हे सगळं त्या व्याख्येतच असतं. पेपरात तसं कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. पदवी करताना माझा जो वेळ फुकट गेला तो जवळजवळ सगळा याच खड्ड्यात गेला: वही एकीकडे, विमान दुसरीकडे. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना तो खड्डा आधीच दिसावा म्हणून हे लिहितेय. नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतातही, तेव्हा तुमच्या नियामक संस्थेचं चालू नियमपत्रक जवळ ठेवूनच पुढचं वाचा.

१. आधी मेडिकल, मग फी

व्यावसायिक परवान्याला क्लास १ मेडिकल लागतं. ते विमानवैद्यकशास्त्राची मान्यता असलेल्या डॉक्टरांकडूनच करावं लागतं; नेहमीच्या डॉक्टरांनी "तब्येत ठणठणीत आहे" म्हटलं तरी त्याचा उपयोग नाही. चष्म्याला घाबरू नका. आंतरराष्ट्रीय मानकानुसार चष्मा लावून प्रत्येक डोळ्याने ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ दिसलं की चालतं. लोक अडकतात ते रंग ओळखण्यात. ठिपक्यांमधले आकडे वाचायची इशिहारा चाचणी बऱ्याच जणांनी आयुष्यात कधी दिलेलीच नसते, आणि आपल्याला हिरवा-तांबडा नीट वेगळा दिसत नाही हे फी भरल्यावर कळतं.

जुना आजार, शस्त्रक्रिया, मानसिक आरोग्यासाठी घेतलेले उपचार, यातलं काहीही लपवू नका आणि चालू औषध मनानेच बंदही करू नका. बरंचसं पारखून मान्य होतं; लपवलेलं पुढे सापडलं तर परवानाच धोक्यात येतो. चाळिशीच्या आत हे मेडिकल साधारण १२ महिने चालतं, म्हणजे पदवीच्या काळात दरवर्षी नूतनीकरण आलं. त्याची तारीख परीक्षेच्या तारखेशेजारी लिहून ठेवा. ऐन सोलोच्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उडायच्या आठवड्यात मेडिकल संपलेला एक मुलगा आमच्या वर्गात होता.

२. पदवी आणि परवाना ही दोन वेगळी खाती आहेत

पदवी विद्यापीठ देतं, परवाना नियामक देतो. एका खात्यात भरलेलं दुसऱ्यात आपोआप जमा होत नाही. विद्यापीठाच्या नॅव्हिगेशनच्या पेपरात पास झालात तरी नियामकाचा नॅव्हिगेशनचा पेपर पुन्हा द्यावा लागू शकतो, तोही वेगळ्या अभ्यासक्रमावर. युरोपीय पद्धतीत प्रत्येक विषयात ७५ टक्के लागतात आणि पहिला पेपर दिल्यापासून साधारण १८ महिन्यांत सगळे विषय सुटावे लागतात. सत्रं आरामात वाटून दिली, तर शेवटचा विषय हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपत आलेली असते.

कधी पदवीमुळे परवान्यात थेट फायदाही होतो. अमेरिकेत एअरलाइन परवान्यासाठी एरवी १,५०० तास लागतात, पण मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानशास्त्राची ठरलेली ६० क्रेडिट घेऊन बॅचलर झालेल्याला मर्यादित परवाना १,००० तासांवर मिळू शकतो. क्रेडिट ३० ते ५९ असतील तर १,२५० तासांवर. एखादा ऐच्छिक विषय सोपा म्हणून घेतला आणि तो या ६० मध्ये धरलाच जात नसला, तर किती उड्डाणं वाढली याचा हिशेब करून बघा.

प्रवेशाआधी हे प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या:

- फीमध्ये नेमके किती उड्डाण तास आहेत? त्यावर लागलेल्या तासांचे पैसे कोण भरणार?
- उडण्याच्या स्थितीतली विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती?
- हवामानामुळे उड्डाण मागे पडलं तर सत्राचा निकाल अडकतो का?
- मध्येच सोडावं लागलं तर न उडलेल्या तासांचे पैसे परत मिळतात का?

पहिल्या प्रश्नाला "किमान तास सगळे धरलेत" असं उत्तर आलं तर सावध व्हा. आंतरराष्ट्रीय मानकात व्यावसायिक परवान्याला २०० तास आहेत, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात १५०. ही खालची रेघ आहे. तेवढ्यावर नेमकं भागेल असं धरून पैशांचं गणित मांडू नका. आणि सगळी रक्कम एकरकमी आगाऊ मागितली, तर हप्ते मिळतात का हे विचारायला लाजू नका.

३. गणित घासून घ्या, विशेषतः एककं

यात उच्च गणित नाही. त्रिकोणमिती, सदिश, गुणोत्तर, आलेख वाचणं, बस. पण हेच सगळं डुगडुगणाऱ्या विमानात, एका हाताने आणि मिनिटभरात करायचं असतं.

खरा घात एककं करतात. उंची फुटांत, अंतर नॉटिकल मैलांत, दृश्यमानता कुठे मीटरमध्ये तर कुठे मैलांत, इंधन कुठे लिटर, कुठे गॅलन, कुठे पौंड, कुठे किलो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ नेमकं यातच सापडलं. इंधनमापक बंद होते म्हणून इंधन हिशेबाने भरलं. लिटरचं वजन काढताना १.७७ हा आकडा वापरला. तो पौंडांचा होता आणि विमानाला हिशेब हवा होता किलोंमध्ये. लागणार होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान निघालं आणि ४१,००० फुटांवर कोरडं पडलं. वैमानिकांनी ते कॅनडातल्याच गिमली इथल्या जुन्या हवाईतळावर तरंगत नेऊन उतरवलं, कुणी दगावलं नाही. आकडेमोड चुकली नव्हती, हे लक्षात घ्या. गुणाकार बरोबरच होता.

तेव्हा दोन सवयी. कुठलाही आकडा एककाशिवाय लिहायचा नाही, कच्च्या कागदावरसुद्धा. आणि कॅल्क्युलेटर उचलण्याआधी अंदाज बांधायचा. अंदाज ४० आणि उत्तर ९० आलं, तर थांबून बघायचं.

४. विषय: कुठे किती घाम गाळायचा

हवामान. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रोज सकाळी जवळच्या विमानतळाचा मेटार आणि टाफ (पुढच्या काही तासांचा हवामान अंदाज) काढा, दुपारी काय होईल ते दोन ओळींत स्वतः लिहा, संध्याकाळी ताडून पाहा. महिनाभर बरंच चुकाल, आणि त्या चुकांतून जे कळतं ते कुठल्याच नोट्समध्ये नाही. सोबत काही आडाखे बाळगा. ऊन पडलेल्या दुपारी तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला ४०० ने गुणलं की कापशी ढगांचा तळ साधारण किती फुटांवर असेल ते कळतं. ३० आणि २० असतील तर ४,००० च्या आसपास. आणखी एक बारकावा, ज्यावर पेपरातही गुण जातात आणि विमानातही गोंधळ होतो: मेटारमध्ये वाचलेली वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून असते, टॉवरने रेडिओवर सांगितलेली चुंबकीय उत्तरेपासून. धावपट्टीचा क्रमांकही चुंबकीय. आमचे सर म्हणायचे, वाचला तो खरा, ऐकला तो चुंबकाचा.

उड्डाणतत्त्वं. एकच गोष्ट पहिल्या महिन्यात पक्की करा: स्टॉल, म्हणजे पंखांची उचल एकदम ढासळणं, वेगामुळे होत नाही, पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो त्या कोनामुळे होतो. हे पटलं की बाकीचं आपोआप उलगडतं. सपाट उड्डाणात ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ६० अंश कलवून उंची न सोडता वळवलं, तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग २ च्या वर्गमुळाच्या पटीत वाढून ७१ नॉटच्या आसपास जातो. हे गणित वहीत सोडवा आणि इन्स्ट्रक्टरबरोबर उंच, सुरक्षित ठिकाणी कलत्या वळणातला स्टॉल मागून घ्या. त्यानंतर ते सूत्र कधी विसरणार नाही.

नॅव्हिगेशन. गोल सरकपट्टीचा फ्लाइट कॉम्प्युटर जुनाट वाटतो, तरी तोच आधी शिका. वाऱ्याचा त्रिकोण हाताने काढला की वारा विमानाला कुठे ढकलतोय ते डोळ्यांना दिसतं. अॅपमध्ये फक्त उत्तर दिसतं. एकास साठचा नियमही हाताशी ठेवा: ३० मैल गेल्यावर रेषेपासून २ मैल बाजूला असाल तर ४ अंशांनी चुकलात. खरी दिशा, चुंबकीय दिशा आणि होकायंत्राची दिशा यांची बेरीज-वजाबाकी उलटी करणं ही सार्वत्रिक चूक आहे. माझी तर तिसऱ्या सत्रापर्यंत होत होती.

कामगिरी आणि वजन-संतुलन. आलेखांवर पट्टी फिरवायचा कंटाळवाणा विषय, पण जीव इथे जातात. गरम दिवशी विमानाला आपण आहोत त्याहून उंचावर असल्यासारखं वाटतं. दाब-उंची (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) २,००० फूट आणि तापमान ३५ असेल, तर त्या उंचीचं प्रमाणित तापमान ११. फरक २४, गुणिले दर अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे २,८८० फुटांची भर. विमान जवळजवळ ४,९०० फुटांवर असल्यासारखं धापा टाकणार. सकाळी सहज उडालेलं तेच विमान दुपारी धावपट्टी खात जातं. वजनाच्या कोष्टकात मात्र सगळ्यांची खरी वजनं टाका. सोबतचा मित्र लाजून दहा किलो कमी सांगतो. पंखांना ते दहा किलो उचलावेच लागतात.

विमानाची यंत्रणा. सर्वसाधारण पुस्तक वाचताना शेजारी तुमच्याच विमानाचं मॅन्युअल उघडं ठेवा. पुस्तकातल्या आकृतीतला इंधन पंप तुमच्या विमानात नसेलही. आणि मेकॅनिकांशी ओळख करून घ्या. इंजिनचं झाकण उघडं असताना तासभर नुसतं शेजारी उभं राहा, प्रश्न सुचतात.

कायदा. नागरी विमान वाहतुकीचा १९४४ चा आंतरराष्ट्रीय शिकागो करार, त्याची १९ परिशिष्टं, त्यावर आधारलेले तुमच्या देशाचे नियम. पाठांतर. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

मानवी घटक. सगळे याला गुण मिळवून देणारा सोपा विषय समजतात आणि आदल्या रात्री वाचतात. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान चाकांच्या बिघाडाचा शोध घेत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. १० जण गेले. इंधन उतरतंय हे कॉकपिटमध्ये बोललं गेलं होतं, पण ठामपणे मांडलं गेलं नाही आणि कॅप्टनच्या डोक्यात शिरलं नाही. अशाच अपघातांतून पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे कॉकपिटमधल्या सगळ्यांनी मोकळेपणाने बोलून मिळून काम करणं, हा विषय उभा राहिला. या विषयात अपघाताचं विश्लेषण लिहायला सांगतातच. तेव्हा बातम्या वाचू नका, मूळ तपास अहवाल वाचा, आणि घडलेलं काय व त्यावरचं मत काय हे वेगळं ठेवा. 'वैमानिकाची चूक' हा निष्कर्ष लिहून थांबलात तर प्राध्यापक विचारतील, त्या क्षणी त्याला ते योग्य का वाटलं? तिथून खरा निबंध सुरू होतो.

५. प्रश्नसंच शेवटी उघडा

बहुपर्यायी प्रश्नांचे संच सगळीकडे मिळतात. तेवढेच घोकून पास होणारे असतात, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न पाहताक्षणी 'क' असं सुचायला लागलं की समजा, तुम्ही विषय सोडून अक्षरं पाठ करताय. मी एक नियम केला: उत्तराआधी बाकीचे पर्याय का चूक ते एका ओळीत लिहायचं. वेग निम्मा होतो. तोंडी परीक्षेत मात्र हेच कामी आलं, कारण तिथे समोर पर्याय नसतात.

६. उड्डाणाचा तास वर्गातूनच सुरू होतो

इंजिन चालू असलेलं प्रत्येक मिनिट महाग. म्हणून आदल्या रात्री खुर्चीत बसून उड्डाण करा. समोर कॉकपिटचा फोटो, मांडीवर चेकलिस्ट, डोळे मिटून हात योग्य ठिकाणी जातोय का ते बघा आणि रेडिओवरची वाक्यं मोठ्याने म्हणा. घरच्यांना वेड लागल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

उतरल्यावर गप्पांत रमण्याआधी पाच मिनिटं वहीत तीन गोष्टी लिहा: काय जमलं, काय फसलं, आणि फसलेलं वर्गातल्या कुठल्या धड्याशी जोडलेलं आहे. माझं लँडिंग सारखं लांबत होतं. इन्स्ट्रक्टर म्हणायचे, वेग जास्त आहे. वेग वाढला की ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते हे सूत्र मी वर्गात दहा वेळा लिहिलं होतं. त्या वहीत दोन्ही एका पानावर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

७. रेडिओ आणि इंग्रजी

आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा बाजू तपासतात, आणि सगळ्यात कमी जी पातळी येते तीच तुमची. म्हणजे पाच बाजूंना पाच आणि उच्चाराला तीन असेल, तर निकाल तीन. इंग्रजी माध्यमातून आलोय म्हणून निश्चिंत राहू नका.

ठरलेली शब्दयोजना जशीच्या तशी वापरा, स्वतःची भर घालू नका. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. त्या संभाषणात कुणी काय म्हटलं आणि कुणी काय समजलं, हे वाचल्यावर 'टेक-ऑफ' हा शब्द आज फक्त त्या परवानगीपुरता किंवा ती रद्द करण्यापुरताच का राखून ठेवलाय ते कळतं. परवानगी कळली नाही तर "पुन्हा सांगा" म्हणा. कळल्यासारखं करणं ही नवख्यांची सगळ्यात वाईट खोड आहे.

८. वेळापत्रक हवामान ठरवतं

सत्राचं वेळापत्रक कागदावर सुबक असतं. प्रत्यक्षात आठ दिवस ढग, मग विमान दुरुस्तीला, मग तुमची परीक्षा. शक्य तिथे सकाळची पहिली उड्डाणं घ्या. हवा शांत असते आणि आधीच्यांचा उशीर तुमच्यावर येत नाही. दोन उड्डाणांत फार अंतर पडलं की जुनाच धडा पैसे देऊन पुन्हा शिकावा लागतो. उड्डाण रद्द झालं की काय करायचं, याची यादी आधीच तयार ठेवा, नाहीतर तो दिवस कँटीनमध्ये जातो. आणि असाइनमेंटसाठी रात्र जागून सकाळी उडायला जाऊ नका. सर्दीच्या गोळीनेही गुंगी येते, तेव्हाही नाही. "आज मी उडायच्या स्थितीत नाही" हे सांगायला मला पहिल्यांदा फार जड गेलं होतं. इन्स्ट्रक्टरनी फक्त मान डोलावली आणि पाटीवरचं नाव पुसलं.

९. कागदपत्रं, साधनं आणि लॉगबुक

सतत हाताशी हवं ते: मेडिकल प्रमाणपत्र, विद्यार्थी परवाना, फोटो असलेलं ओळखपत्र, लॉगबुक, विद्यापीठाची गुणपत्रकं, नियामकाच्या पेपरांचे निकाल, इंग्रजी पातळीचं प्रमाणपत्र. साधनांत हेडसेट, नीबोर्ड (मांडीवर बांधायची लिहायची पाटी), फ्लाइट कॉम्प्युटर, प्लॉटर (नकाशावर दिशा आणि अंतर मोजायची पट्टी), चालू आवृत्तीचे नकाशे आणि सुटी बॅटरी असलेली विजेरी. महागडा हेडसेट पहिल्याच दिवशी घेऊ नका. आधी दोन-तीन उसने लावून बघा.

लॉगबुक त्याच दिवशी भरा. बहुतेक ठिकाणी तास दशांशात लिहितात, तेव्हा १ तास २४ मिनिटं म्हणजे १.४, १.२४ नव्हे. रात्रीचे, उपकरणांवरचे, प्रमुख वैमानिक म्हणून केलेले तास आपापल्या रकान्यात जातात ना ते दर महिन्याला बघा. आंतरराष्ट्रीय मानकातलं ३०० नॉटिकल मैलांचं लांबचं उड्डाण, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून केलेलं, शेरा लिहून ठळक दाखवा. परीक्षक ते हमखास शोधतात. प्रत्येक पान भरलं की फोटो काढून ठेवा.

माझ्या लॉगबुकात चौथ्या पानाच्या बेरजेत ०.६ चा फरक होता. तो अकरा पानं पुढे सरकत गेला आणि अंतिम चाचणीच्या आठवड्यात सापडला. अकराही पानांच्या बेरजा खोडून दुरुस्त केल्या, आणि त्यातल्या सात पानांवर ज्या इन्स्ट्रक्टरची सही हवी होती ते तोवर नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेले होते. चाचणी तीन आठवडे पुढे गेली. बेरीज पान उलटण्याआधी करा, आणि सही इन्स्ट्रक्टर समोर असतानाच घ्या.